दीर्घ सागरी प्रवासातील अग्रशिडाची निवड : ‘तारिणी’च्या संदर्भात

डोलकाठीपुढे, नौकेच्या नाळेकडे ताणल्या जाणाऱ्या त्रिकोणी शिडास प्रस्तुत लेखात ‘अग्रशीड’ म्हटले आहे. दूरच्या प्रवासात त्याची निवड वेगापेक्षा नौकेवरील हातांच्या संख्येवर अधिक अवलंबून असते. गोव्यात बांधलेल्या ‘तारिणी’वरून २०१७-१८ मध्ये सहा महिला नौदल अधिकाऱ्यांनी पृथ्वीप्रदक्षिणा केली. २०२४-२५ मध्ये त्याच नौकेवर लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. या दोघीच होत्या. एक विश्रांती घेत असता शीड आवरण्यास दुसरीचे दोनच हात उरतात.

‘तारिणी’च्या शिडसंचात जेनोआ आणि स्टेसेल ही दोन्ही अग्रशिडे आहेत. जेनोआ डोलकाठीच्याही मागे पोहोचणारे, मंद वाऱ्यात उपयुक्त असे मोठे शीड होय. वारा वाढल्यावर असे शीड पुढील तारेभोवती गुंडाळून लहान करता येते. परंतु त्यामुळे त्याचा बाक बिघडतो. (ताण बदलला की कापड कसे वागते, हे सोलापूरकरांस वेगळे सांगावयास नको.) अशा वेळी डोलकाठीजवळचे लहान स्टेसेल श्रेयस्कर. वाऱ्याचा जोर खाली व मध्याकडे येतो, नौका कमी कलते. मात्र स्टेसेलची तार डोलकाठीस मध्येच पुढे खेचत असल्याने मागून तोलणारे तणावे सामान्यतः आवश्यक ठरतात.

सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरातील वादळात अभिलाष टॉमी यांच्या ‘थुरिया’च्या डोलकाठ्या मोडल्या, ते स्वतःही जायबंदी झाले. अशा वादळात उत्तम तणावेही अपुरे पडू शकतात. स्टेसेल उतरवून वादळी शीड चढवावयाचे, तर ते वारा अंगावर येण्यापूर्वी, शक्यतो उजेडातच.