पेन्शनचा टक्का वेगळा, भरपाईचा टक्का वेगळा

साताऱ्याकडच्या गावांत सैन्यातून परतलेला माणूस शिपाई असो की सुभेदार, त्याला सगळे ‘मेजर’च म्हणतात. असे कितीतरी मेजर पस्तिशी-चाळिशीत पेन्शनीत येतात आणि एमआयडीसीत, साखर कारखान्याच्या गेटवर, बँकेच्या दारात पुन्हा गणवेश चढवतात. मुलांची शिक्षणं व्हायची असतात, घराचा स्लॅब पडायचा असतो. त्यातल्या काहींना सैन्याची अपंगत्व पेन्शन असते. असा माणूस नव्या नोकरीत जखमी झाला की सुपरवायझरपासून भावकीपर्यंत सगळे एकच ऐकवतात: “मेजर, तुम्हाला सरकार देतंय की! आता कंपनीकडं कशाला मागताय?” या एका वाक्यापायी माणसं लाखांवर पाणी सोडतात, आणि ते वाक्य साफ चुकीचं आहे.

अपंगत्व पेन्शन मिळते ती सैनिकी सेवेमुळे झालेल्या किंवा सेवेमुळे बळावलेल्या इजेची. अपंगत्व किमान २० टक्के असावं लागतं. पूर्ण १०० टक्के असेल तर अपंगत्वाचा भाग शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के, आणि कमी असेल तर त्या प्रमाणात. हा पैसा केंद्र सरकार देतं. कामगाराची नुकसानभरपाई मात्र मालकाकडून येते आणि ती नव्या नोकरीत, कामामुळे आणि काम चालू असताना झालेल्या अपघाताची असते. शंभर वर्षं ही भरपाई १९२३ च्या कायद्याने मिळत आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला, पण मूळ हिशेब तोच राहिला. जखम वेगळी आणि देणाराही वेगळा असल्यामुळे एकाच्या रकमेतून दुसरी वजा होत नाही.

“भरपाई घेतली तर पेन्शन बंद पडेल” ही भीती त्याहून खोल रुजलेली आहे. बायकामाणसांच्या मनात तर फारच, कारण महिन्याच्या महिन्याला येणारा खात्रीचा पैसा तोच असतो. पण पेन्शन बंद पडत नाही. नोकरी धरली म्हणून पेन्शन थांबत नाही, तशी नोकरीत हात तुटला आणि त्याचे पैसे मिळाले म्हणूनही थांबत नाही. ‘कुटुंबाला एकच पेन्शन’ हे वाक्यही यातच मिसळलं जातं. पूर्वी सैन्यानंतर सरकारी नागरी नोकरी केलेल्याच्या पत्नीला दोनपैकी एकच कुटुंब निवृत्तिवेतन निवडावं लागे, हे खरं. पण २४ सप्टेंबर २०१२ पासून तिला दोन्ही मिळू शकतात.

खरा घोळ होतो तो टक्क्यांचा. अशा घरात कागद मागितले की कपाटातून प्लॅस्टिकची फाइल येते आणि त्यातून तीन कागद निघतात. पीपीओवर (पेन्शनच्या आदेशावर) ५० टक्के, दिव्यांग प्रमाणपत्रावर ४२ टक्के, आणि कारखान्यातल्या अपघातानंतर डॉक्टरांनी लिहिलेले ३० टक्के. घरच्यांना वाटतं यातला एकच खरा, बाकीचे दोन चुकीचे. तिन्ही खरे असू शकतात, कारण तिन्ही वेगळ्या गोष्टी मोजतात.

सैन्याचं मेडिकल बोर्ड शरीर किती निकामी झालं ते ठरवतं. सप्टेंबर २०२३ च्या नव्या नियमांआधी निवृत्त झालेल्यांच्या बाबतीत तो आकडा वर ओढून धरला जातो: २० ते ४९ टक्क्यांचे ५० होतात. निवृत्तीचं वय पूर्ण करून बाहेर पडलेल्यांनाही हा लाभ द्यावा, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये सांगितलं. म्हणजे पीपीओवरचे ५० हे बोर्डाच्या कागदावर ३० असू शकतात. दिव्यांग प्रमाणपत्र सवलती आणि आरक्षणासाठी असतं, तिथे ४० ची पायरी ओलांडावी लागते. आणि भरपाईतला टक्का शरीर मोजतच नाही. तो मोजतो कमाईची ताकद किती गेली ते.

हा फरक किती मोठा असतो ते १९७६ सालच्या एका निकालात दिसतं. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. कायद्याच्या तक्त्याप्रमाणे अपंगत्व शंभरापेक्षा कमीच भरत होतं. सर्वोच्च न्यायालयाने त्याची कमाईची ताकद १०० टक्के गेली हे मान्य केलं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. त्याच निकालात हेही ठरलं की भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देणं लागते, निकालाच्या दिवसापासून नव्हे. मालकाने महिनाभरात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि टाळाटाळीला सबळ कारण नसेल तर मूळ रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड बसू शकतो.

एक हिशेब करून पाहू. ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) नाव नसलेल्या ४५ वर्षांच्या माजी हवालदाराचा अंगठा प्रेस मशीनमध्ये गेला. पगार १८,००० असला तरी ३ जानेवारी २०२० पासून हिशेबाला मासिक वेतन जास्तीत जास्त १५,००० धरतात. त्याचे ६० टक्के म्हणजे ९,०००. या वयाचा गुणक १६९.४४. गुणाकार १५,२४,९६०, ही झाली पूर्ण आणि कायमच्या अपंगत्वाची रक्कम. अंगठ्याला तक्त्यात ३० टक्के आहेत, म्हणून त्याला किमान ४,५७,४८८ रुपये. या सगळ्यात त्याची सैन्याची पेन्शन कुठेही आली नाही. ती ‘वेतन’ म्हणून मिळवायची नाही आणि ‘आधीच मिळालेले’ म्हणून वजाही करायची नाही.

कंपनीची बाजू मांडणारे आणखी एक मुद्दा काढतात: “तुमचा पाय आधीच अधू होता, म्हणून तुम्ही पडलात.” कायद्यात मालकाची जबाबदारी चूक कोणाची यावर ठरत नाही. दारू प्यायलेला असणं, सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडणं, मशीनचं संरक्षक झाकण मुद्दाम काढणं, असे मोजकेच अपवाद आहेत. आणि मृत्यू किंवा पूर्ण कायमचं अपंगत्व आलं तर हे अपवादही लागू होत नाहीत. जुना अधू पाय त्या यादीत नाही. पण त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. लडाखमध्ये गेलेल्या पायाची भरपाई शिरवळच्या कारखान्याकडून मागता येत नाही. नव्या अपघाताने जी कमाई नव्याने गेली तेवढीच मालकाच्या माथी येते. म्हणून नोकरीला लागताना जुनी इजा लपवू नये. ती वैद्यकीय फॉर्मवर लिहिलेली असली की आधीचं किती आणि आताचं किती हे डॉक्टरला सांगता येतं.

दोन्ही हातांनी घेता येत नाही अशा जागाही आहेत, पण त्या लोक समजतात तिथे नाहीत. ईएसआयमध्ये नाव असलेल्या कामगाराला कामावरच्या इजेसाठी ईएसआयचाच लाभ मिळतो, मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही. कायमच्या अपंगत्वाला तिथे कमाईच्या घटीनुसार आयुष्यभर दरमहा रक्कम मिळते, आणि ती सैन्याच्या पेन्शनव्यतिरिक्त. पगाराची मर्यादा २१,००० आहे, दिव्यांग कामगारासाठी २५,०००. ही दुसरी मर्यादा कित्येक ठेकेदारांना ठाऊक नसते, म्हणून पगार २१,००० च्या पुढे गेला की दिव्यांग माजी सैनिकाचंही नाव ते कमी करतात.

कामावर जाताना रस्त्यात अपघात झाला तर मोटार अपघात दावा किंवा कामगार भरपाई, यांतला एकच मार्ग निवडावा लागतो. असा अपघात ‘कामाचा’ धरायचा का, हा वादही आता मिटला आहे. धाराशिव जिल्ह्यातला एका साखर कारखान्याचा रखवालदार २२ एप्रिल २००३ रोजी पहाटे तीनच्या पाळीला मोटारसायकलवरून निघाला आणि कारखाना पाच किलोमीटरवर असताना अपघातात गेला. त्याच्यासारख्याच पाळ्या आपले शेकडो मेजर करतात. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला: वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध असेल तर घर ते कामाची जागा हा प्रवासही नोकरीचाच भाग.

सेवेत असलेल्या जवानाला ही कामगार भरपाई मागता येत नाही. कायद्याने त्याला बाहेर ठेवलं आहे. त्याचा रस्ता पेन्शन नियमांचा.

ठेकेदाराकडून लागलेल्यांना “आमचा काय संबंध, ठेकेदाराला विचारा” असं कंपनी सांगते. ज्या आस्थापनेच्या आवारात आणि तिच्याच धंद्याच्या कामात अपघात झाला, तिच्याकडून कामगार भरपाई वसूल करू शकतो. तिने मग ठेकेदाराकडून घ्यावी. “हक्क सोडला” असा करार सही करून घेतला असेल तरी त्याला कायद्यात किंमत नाही.

आणि अपघात झाल्यावर मेजर सरळ ईसीएचएसच्या (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या) दवाखान्यात जातात, कारण तिथे ओळख असते आणि पैसे लागत नाहीत. जाऊ देत, त्याने हक्क बुडत नाही. फक्त केसपेपरवर ‘घरी पडले’ असं लिहू देऊ नका. कारखान्याचं नाव, पाळी, वेळ, मशीन हे सगळं पहिल्याच दिवशी डॉक्टरकडून लिहून घ्या. त्याच मजकुराची लेखी सूचना कंपनीला द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेऊन ती पीपीओच्याच फाइलमध्ये ठेवा.