माउस हाती देताना डोळे जपा

बिद्रीच्या कारखाना परिसरातली मुले असोत वा कोल्हापूर शहरातली, संगणकावर चित्र काढायला सगळ्यांनाच आवडते. २००२ साली आलेला 'टक्स पेंट' हा मोफत प्रोग्राम तर खास लहानांसाठीच आहे. चुकलेली रेघ एका क्लिकवर मागे घेता येते. त्यामुळे बुजरे मूलही धीटपणे रंगवते.

मात्र पडद्याकडे टक लावली की पापण्यांची उघडझाप मंदावते, डोळे कोरडे पडून चुरचुरतात. दर २० मिनिटांनी २० सेकंद लांब, निदान २० फुटांपलीकडे पाहायला लावा. पेन्सिलीची पकड माउसने येत नाही. म्हणून चित्र आधी कागदावर, मग संगणकावर. रोज बाहेर उजेडात खेळल्याने लघुदृष्टी लांबते. मूल पडद्याजवळ सरकत असेल, तर डोळे तपासून घ्या.