ठरवून घातलेला गोंधळ

१८१९ साली लंडनच्या सॅडलर्स वेल्स थिएटरात जोसेफ ग्रिमाल्डी हा विदूषक ‘हॉट कॉडलिन्स’ नावाचं गाणं म्हणू लागला. भाजलेली सफरचंदं विकणारी एक बाई दारूच्या नादी लागते, एवढाच त्याचा विषय. यमकाचा शब्द जवळ आला की ग्रिमाल्डी थांबे, आणि ‘जिन’ असं ओरडून प्रेक्षक ती ओळ पुरी करत. गाण्यात एका शब्दाची जागा मोकळी ठेवलेली होती. ती कुठे ठेवायची आणि तिथे किती वेळ तोंड मिटून उभं राहायचं, हे मात्र विदूषकाने ठरवलेलं असे. इंग्लंडातली गावोगावची हौशी मंडळी आज जो पँटोमाइम करतात, त्याचं सगळं मर्म या मोकळ्या जागेत आहे. प्रेक्षकांना सामावून घेणारं नाटक म्हणजे सैल नाटक, हा समज आपल्याकडेही रूढ आहे. माझ्या मते गोष्ट नेमकी उलटी आहे. प्रेक्षकाला जितकं मोकळं वाटावं असं वाटतं, तितकी नाटकाची वीण घट्ट लागते. आणि ही वीण गावच्या हौशी मंडळींच्या हाती जशी सार्थ होते, तशी धंदेवाईक रंगभूमीवर क्वचितच होते.

पँटोमाइम म्हटलं की आपल्याला मूकाभिनय आठवतो. इथे मात्र गप्प बसणारं कुणीच नसतं. मूकपणाचा वारसा आहे, तो कायद्यामुळे: १७३७च्या कायद्यानंतर संवादांचं गंभीर नाटक करण्याचा हक्क लंडनमध्ये मुख्यतः दोन सनदी थिएटरांकडे उरला, आणि इतरांचा भर नाच, गाणी, कसरती यांवर राहिला. १८४३च्या कायद्याने ते बंधन गेलं. मग सिंड्रेला, अलादीन, जॅक अशा परीकथांवर कोट्या, गाणी आणि सोंगं यांचं कलम झालं. अलादीनच्या आईला विडो ट्वँकी हे नाव मिळालं ते १८६१ सालच्या एका प्रहसनात, एका चिनी चहाच्या नावावरून. ही भूमिका पुरुषाची. तिला ‘डेम’ म्हणतात. गौळणींबरोबर मथुरेच्या बाजाराला निघालेली आपल्या तमाशातली मावशी ज्याने पाहिली आहे, त्याला डेमची ओळख वेगळी करून द्यायला नको. लुगड्याआडचा गडी लपलेला नसतो, आणि लपू नये यातच गंमत असते.

आता वीण कशी ते पाहू. जवळजवळ प्रत्येक पँटोत भुताचा एक प्रवेश असतो. तिघे-चौघे बाकावर बसून गाणं म्हणतात, मागून भूत येतं, पोरं जिवाच्या आकांताने ओरडतात की ते तुमच्या पाठीमागे आहे. बाकावरचे नेमके चुकीच्या बाजूला बघतात, एकेक जण पळवला जातो, शेवटी डेम आणि भूत समोरासमोर येतात आणि तिचं तोंड पाहून भूतच पळतं. वाचताना हे बाळबोध वाटेल. पण भूत ओरड्याच्या आधी आलं तर प्रवेश पडतो, आणि मान वळायला क्षणभर उशीर झाला तरी पडतो. शिवाय तालीम होते रिकाम्या सभागृहात, म्हणजे निम्मे संवाद हजर नसताना. समोर कुणी नसताना दोनशे मुलांच्या किंकाळीएवढी जागा सोडून पुढचं वाक्य घ्यायचं, हे ज्याला नाटकातलं फारसं कळत नाही त्याने एकदा करून पाहावं.

शेवटाकडे येणारा गाण्याचा फलक तर निव्वळ कारागिरी आहे. शब्द लिहिलेला मोठा कापडी पडदा खाली येतो, विनोदी नट प्रेक्षागृहाचे दोन भाग पाडतो आणि कोणती बाजू जास्त मोठ्याने गाते याची चुरस लावतो. त्या वेळात पडद्यामागे लग्नाच्या अंतिम प्रवेशाचे कपडे चढवले जात असतात. विंगेतून खूण येईपर्यंत चुरस लांबवता येते. प्रेक्षकांना वाटतं, आपल्याला गायला बोलावलं. खरं तर आपण कपडेपटाला वेळ काढून देत असतो.

यावर पहिला आक्षेप स्वाभाविक आहे: मग याला सहभाग का म्हणायचं? कथा बदलत नाही, सिंड्रेलाचा बूट कुणाला बसणार हे ठरलेलंच आहे. खरा सहभाग म्हणजे निर्णय. या आक्षेपाला उत्तर म्हणून ‘द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड’ ही संगीतिका तपासण्याजोगी आहे. डिकन्स १८७० साली वारला तेव्हा ही कादंबरी निम्मीच झाली होती. रूपर्ट होम्सने १९८५ साली तिची विनोदी संगीतिका केली आणि खुनी कोण हे प्रेक्षकांच्या मतांवर सोपवलं. मतदानाला सात संशयित, वेषांतर केलेला गुप्तहेर कोण यासाठी पाच, आणि शिवाय प्रेमी युगुल कोणाचं हेही प्रेक्षकच ठरवणार. अमेरिकेतली हौशी मंडळी ही संगीतिका आवडीने करतात. पण या निवडीची किंमत कोण मोजतं? सातही नटांनी कबुलीचं गाणं बसवायचं आणि रात्री त्यातलं एकच म्हणायचं. म्हणजे प्रेक्षकाला निर्णय दिला तरी वीण सैल होत नाही, उलट सातपट घट्ट होते. आणि कौल कोणत्या निकषावर पडतो? डिकन्सने पेरलेल्या धाग्यादोऱ्यांवर तो पडत असेल असं मला वाटत नाही. ज्या नटाला गोत्यात आणायला मजा येईल, त्याच्यावर पडण्याची शक्यताच जास्त. हौशी प्रयोगात तर तो नट गावातला शिक्षक असतो.

इथेच हौशीपणाचा मुद्दा येतो. पँटोच्या छापील संहितांमध्ये ‘इथे शेजारच्या गावाचं नाव घाला’ अशा सूचना सर्रास असतात. लेखकाने ती जागा मोकळी ठेवलेली असते, ग्रिमाल्डीने यमकाची ठेवली तशीच. धंदेवाईक मंडळी शहराशहरांत ते नाव भरतात, पण वरवर. गावात मात्र डेमच्या टोपाखाली पाववाला दिसतो, आणि दुष्ट काकाला हुर्यो करताना लोक नाटकातल्या काकाबरोबर टपाल कचेरीतल्या माणसालाही हुर्यो करून घेतात. सोंग आणि सोंगाड्या असे दोन्ही एकाच वेळी ओळखीचे असल्याशिवाय हा दुहेरी आनंद मिळत नाही.

घरच्या माणसांनी घरच्यांना दिलेल्या टाळ्या, असं कुणी म्हणेल. मोठ्यांपुरतं ते खरं आहे. पण पँटोचा खरा परीक्षक सहा-सात वर्षांचा असतो, आणि त्याला भीड नसते. त्याला कंटाळा आला की तो ओरडायचं सोडून खाऊची पिशवी चाळवू लागतो. दुसरी तक्रार मला अधिक गंभीर वाटते: बाईच्या वेषातला पुरुष म्हणजे बाईची थट्टा, आणि अलादीनमधला चीन म्हणजे परक्यांची. जुन्या संहितांमध्ये हे दोन्ही आहे आणि ते काढूनच टाकायला हवं. मात्र डेम हसवते ती स्वतःच्या रूपाविषयीच्या अफाट आत्मविश्वासामुळे. बायकांवरचे विटके विनोद गाळले तरी ती उभी राहते. चिनी धोबीखान्याच्या कोट्या गाळल्यावर अलादीनमधलं बरंचसं कोसळतं, तर कोसळू द्यावं.

हौशी संस्थांच्या राष्ट्रीय संघटनेची स्थापना १८९९ची, म्हणजे हा खटाटोप काही आजकालचा नाही. या मंडळींत आणि धंदेवाईकांतही दोन जुने संकेत पाळले जातात. भली परी उजव्या विंगेतून येते आणि खलपुरुष डावीकडून, हा संकेत सर्वांना ठाऊक असतो. दुसरा तालमीतच दिसतो. नाटकाच्या अगदी शेवटच्या दोन यमकबद्ध ओळी तालमीत कधीच म्हणत नाहीत, अपशकुन मानतात. त्या जागी कुणी काहीतरी पुटपुटतं, कुणी नुसतं मोजतं. त्या ओळी पहिल्यांदा उच्चारल्या जातात तेव्हा समोरच्या खुर्च्या भरलेल्या असतात.