मित्राच्या पिक्चरला पैसे देताय? आधी कॅम्पेनचा प्रकार बघा

मागच्या वर्षी कॉलेजच्या मित्राने लिंक पाठवली. दिवसभर कट्ट्यावर बसणाऱ्या तीन रिकामटेकड्या पोरांवर कॉमेडी, टार्गेट ४ लाख. मी लगेच २,००० टाकले. जमले दीड लाख, तेही लोकेशन आणि कॅमेऱ्याच्या भाड्यात संपले. पिक्चर झालाच नाही. चूक माझीच, प्रकार वाचला नव्हता.

क्राउडफंडिंगचे मुख्य प्रकार दोन. किकस्टार्टरवर टार्गेट पूर्ण झालं तरच पैसे कापतात. तोपर्यंत तुम्ही फक्त शब्द दिलेला असतो. टार्गेट गाठलं की साइट ५ टक्के घेते, पेमेंटचा खर्च वेगळा. दुसऱ्या प्रकारात जमतील तेवढे पैसे बनवणाऱ्याला मिळतात. आता दीड लाखात ४ लाखांचा पिक्चर कसा होणार? आणि बक्षीसवाल्या कॅम्पेनमध्ये पोस्टर मिळेल, शेवटी नाव येईल, नफ्यात वाटा नाही.

हे काहीच नव्हतं तेव्हा केविन स्मिथने 'क्लर्क्स' केला. न्यू जर्सीतल्या ज्या दुकानात तो कामाला होता, तिथेच रात्री शूटिंग. बाहेरचा अंधार दिसू नये म्हणून गोष्टीतच शटर अडकवलं! कॉमिक्स विकली, क्रेडिट कार्डं वापरली, खर्च २७,५७५ डॉलर. १९९४ मध्ये सनडान्समध्ये पिक्चर दाखवला आणि तो विकला गेला. नसता गेला, तर कार्डांची बिलं एकट्या त्याच्याच डोक्यावर होती.

मित्राने परवा नवीन लिंक पाठवलीये. टार्गेट २ लाख, आणि पूर्ण झालं नाही तर पैसे कापणार नाहीत. मी पुन्हा २,००० टाकलेत.