जुनी दुनळी : घरी काय उघडायचं आणि कुठे थांबायचं

बेळगाव असो, इंदूर असो की बडोदा, प्रश्न एकच येतो. आजोबांची बारा बोअरची दुनळी आता माझ्या परवान्यावर आहे, तिची निगा घरी कशी राखू? माझं उत्तर सोपं आहे. तीन भाग मोकळे करा, पुसा, पुन्हा जोडा. त्यापुढे स्क्रूला हात लावू नका.

सुरुवात नेहमी एकाच गोष्टीने. बंदुकीचं तोंड सुरक्षित दिशेला, बोट चापापासून दूर. बंदूक उघडा, दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे डोळ्यांनी पाहा आणि बोटाने चाचपा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. मग नळ्यांखालचा लाकडी तुकडा काढा, खटका दाबून नळ्या उचला. झाले तीन भाग : नळ्या, तो लाकडी तुकडा आणि दस्ता.

आता साफसफाई. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळलं की पोटॅशियम क्लोराइड उरतं. हे मिठासारखंच, हवेतला ओलावा ओढणारं. तेलात ते विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. म्हणून अशी काडतुसं किंवा काळी दारू वापरली असेल तर आधी सुट्या नळ्यांतून गरम पाणी, मग नळ्या पूर्ण कोरड्या, मग तेलाचा पातळ हात. आजच्या काडतुसांना पाण्याची गरज नाही. ब्रश, कापड आणि तेल पुरे.

तेल कमीच लावा. उभ्या ठेवलेल्या बंदुकीतलं जादा तेल खाली उतरतं, दस्त्याच्या लाकडात मुरतं आणि लाकूड मऊ पडतं. पावसाळ्यात कातडी किंवा लोकरी म्यानात बंदूक ठेवू नका, ते ओल धरून ठेवतं. खंडेनवमीला हळदकुंकू, फुलं वाहिलीत तर त्याच संध्याकाळी सगळं पुसून काढा.

नळ्या सुट्या असतानाच त्यांतून उजेडाकडे पाहा. आत गडद कडं दिसलं तर नळी तिथे फुगलेली असू शकते. पोचा किंवा खोल गंजाचे खड्डे दिसले, किंवा लाकडी तुकडा काढून जोडलेल्या नळ्या हलवल्यावर खुळखुळल्या, तर ती बंदूक झाडायची नाही.

आणखी एक फसवी गोष्ट. कित्येक जुन्या ब्रिटिश बंदुकांचं काडतुसाचं घर ६५ मिलिमीटरचं असतं. त्यात ७० मिलिमीटरचं काडतूस सहज बसतं, कारण ही लांबी उडल्यानंतर उघडलेल्या काडतुसाची असते. उडताना त्याचं तोंड पुढच्या अरुंद भागात उघडतं आणि दाब वाढतो. नळ्यांवर वेलबुट्टीसारखी नक्षी, म्हणजे दमास्कस, असेल तर ती बहुधा काळ्या दारूसाठीच तपासलेली असते. नळ्यांच्या सपाट तळाचे शिक्के जाणकाराकडून वाचून घ्या. तोवर काडतूस भरू नका.

आतली कळ, कमान, चापाची यंत्रणा हे परवानाधारक कारागिराचं काम. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार बंदूक दुरुस्तीला वेगळा परवाना लागतो, तुमचा बाळगण्याचा परवाना तिथे चालत नाही. शिवाय कमान ताणलेली असते, उसळली तर डोळा जातो.

पुसायला अर्धा तास पुरतो. शंका आली तर बंदूक तशीच कुलपात ठेवा आणि कारागिराला दाखवा.