कोंबडीच्या रक्तातला धागा

भाटघर धरणाच्या पाण्याकाठी उभा बगळा घ्या, नाही तर भोर-वेल्ह्याच्या अंगणात दाणे टिपणारी गावरान कोंबडी. माणसाची तांबडी पेशी तयार होताना आपले केंद्रक टाकून देते, पक्ष्याची मात्र ते शेवटपर्यंत जपते. गिम्सा रंग दिलेल्या काचपट्टीवर, साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही, लंबगोल पेशीच्या मध्यावर ते गर्द जांभळे दिसते.

त्या काही मायक्रॉनच्या ठिपक्यात सुमारे पाऊण मीटर डीएनए बसलेला असतो. हिस्टोन प्रथिनांवर गुंडाळलेला हा धागा एच-5 या खास प्रथिनामुळे आणखी आवळला जातो आणि बहुतेक जनुके गप्प होतात. एका सिरिंजभर रक्तात अशा एकसारख्या पेशी अब्जावधी मिळतात, म्हणून संशोधकांना कोंबडी फार सोयीची.

धाग्याची घडण पाहायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच लागतो. 1974 मध्ये अमेरिकेतल्या ओक रिज इथे एडा आणि डोनाल्ड ओलिन्स यांनी केंद्रके पाण्यात फुगवून फोडली, आतला माल जाळीवर पसरला आणि दोऱ्यात ओवलेले मणी पाहिले. त्यात कोंबडीची केंद्रकेही होती. हे मणी म्हणजेच न्यूक्लिओसोम.

पण पसरलेला धागा म्हणजे केंद्रकातला धागा नव्हे. आतले दृश्य टिपायचे तर पेशी ग्लुटारल्डिहाइडने स्थिर करायची, ऑस्मियम द्यायचे, पाणी काढून रेझिनमध्ये बसवायची, हिऱ्याच्या सुरीने 60-70 नॅनोमीटरचे काप घ्यायचे आणि जड धातूंचा रंग चढवायचा. या पायऱ्यांत मूळ रचना थोडी आक्रसते, आणि शेवटी हाती येतो तो बराचसा काळा गठ्ठा. म्हणून मला अतिशीत पद्धतीचे मोल अधिक वाटते: बर्फाचे स्फटिक बनायच्या आत नमुना गोठवायचा आणि रंगाशिवायच पाहायचा.

2011 मध्ये शेफर, एल्त्सोव्ह आणि फ्रांगाकिस यांनी कोंबडीच्या तांबड्या पेशींच्या केंद्रकांचे असे काप तपासले. मण्यांची माळ आणखी गुंडाळून बनणारा, पाठ्यपुस्तकातला 30 नॅनोमीटरचा तंतू तिथे खरोखर होता, नागमोडी मांडणीचा. माणसाच्या पेशींत मात्र 2008 मध्ये एल्त्सोव्ह यांच्याच गटाला विभाजनावेळच्या गुणसूत्रांत तो सापडला नव्हता. 2017 मध्ये दुसऱ्या एका गटाला 5 ते 24 नॅनोमीटरच्या अस्ताव्यस्त साखळ्या दिसल्या. पाठ्यपुस्तकांनी सगळ्या पेशींच्या नावावर चढवलेले ते चित्र मुख्यतः अशा गप्प केंद्रकांचे आहे, आणि चित्राखाली तसे लिहायला हवे.

ही शांतता कायमची नसते. 1965 मध्ये हेन्री हॅरिस यांनी कोंबडीची तांबडी पेशी मानवी हेला पेशीशी जोडली, तेव्हा आवळलेले केंद्रक फुगले आणि पुन्हा आरएनए बनवू लागले. त्या फुगण्याच्या टप्प्याटप्प्यावर 30 नॅनोमीटरचा तंतू कसा सुटतो, हे गोठवलेल्या कापांत पाहायला मला फार आवडेल.