योरुबा मणिकाम
योरुबा मणिकाम : नैर्ऋत्य नायजेरिया व लगतचा बेनिन देश यांतील योरुबा लोकांची, राजचिन्हे आणि विधिसाहित्य मण्यांनी मढविण्याची परंपरागत कला. पवित्र नगरी इफे येथे अकराव्या ते पंधराव्या शतकांच्या दरम्यान काचेचे मणी तयार होत. ‘सेगी’ हे निळे काचमणी व तांबडे जास्पर मणी विशेष प्रतिष्ठेचे मानले जातात. एकोणिसाव्या शतकात व्हेनिस व बोहीमिया येथील बारीक रंगीत मणी विपुल येऊ लागले आणि कापडावरील भरतकामाला बहर आला. एफॉन-अलाये हे या कामाचे नामांकित केंद्र होय.

शंक्वाकार राजमुकुट (‘आदे’) ही या कलेची सर्वश्रेष्ठ निर्मिती. सांगाड्यावर खळ दिलेले कापड ताणून त्यावर ओवलेले सर शिवतात. पुढील भागी उठावदार चेहरे, वर पक्षी व राजाचा चेहरा झाकणारी मण्यांची झालर असते. मुकुटाच्या आत औषधी द्रव्ये ठेवलेली असल्याने राजानेही त्यात डोकावू नये, असा दंडक आहे. असा मुकुट धारण करण्याचा अधिकार ओडुडुवा या मूळ पुरुषाचे वंशज म्हणविणाऱ्या राजांनाच असतो. एका राजाच्या मुकुटाधिकाराविषयी वाद निर्माण झाला, तेव्हा १९०३ मध्ये इफेच्या ओनीला (राजाला) निर्णयासाठी लागोसला पाचारण करण्यात आले. मुकुट हे केवळ शिरोभूषण नव्हे, हे संग्राहकांच्या ध्यानी फार उशिरा आले. मणिजडित पिशव्याही राजे व ‘बाबालावो’ (दैवज्ञ) यांच्याच अधिकारातील असत.

जुने मणी उसवून नव्या कामात वापरले जात असल्याने मण्यांच्या वयावरून वस्तूचे वय ठरविणे धोक्याचे असते. मृत जुळ्याच्या स्मरणार्थ कोरलेल्या ‘इबेजी’ मूर्तींची गोष्ट वेगळी. माता त्यांना न्हाऊ-माखू घालीत, मण्यांचे सर घालीत. त्यामुळे झिजलेला चेहरा व अंगावरील तांबड्या काष्ठचूर्णाचा लेप दीर्घ वापराची साक्ष देतात. अर्थात झीज कृत्रिम रीत्याही आणता येते. वस्तू कोणत्या गावातून, कोणाकडून व कोणत्या परिस्थितीत बाहेर पडली, याची नोंद म्हणूनच रूपाहून महत्त्वाची ठरते. दुर्दैवाने बहुसंख्य संग्रहांत नेमकी तीच नसते.

ओलोवे या शिल्पकाराने इकेरेच्या राजवाड्यासाठी कोरलेले दार मात्र सुस्पष्ट नोंदीचे आहे. ते १९२४ मध्ये लंडनमधील वेम्ब्लीच्या प्रदर्शनात मांडले गेले. राजाने ते विकण्यास नकार दिला व ब्रिटिश संग्रहालयाला इंग्रजी बनावटीच्या सिंहासनाच्या बदल्यात दिले. नायजेरियाने १९५३ मध्ये पुराणवस्तूंच्या निर्यातीवर नियंत्रण आणले आणि १९७९ च्या कायद्याने खरेदीही निर्बंधित केली.